मुदतवाढ

2003 सालचा ऑक्टोबर आहे. दमास्कसहून बैरुतला निघालेल्या जुन्या मर्सिडीजच्या मागच्या सीटवर तुम्ही दोन अनोळखी माणसांच्या मध्ये अंग चोरून बसला आहात. मस्नाची सीमा ओलांडली, पासपोर्टवर लेबनॉनचा शिक्का पडला, म्हणजे देश बदलला असं तुम्ही धरून चालता. थोडं पुढे नाका येतो आणि गाडी अडवणारा शिपाई सीरियाचाच निघतो. चौकीच्या भिंतीवर हाफिज अल-असद आणि त्यांचा मुलगा बशर यांच्या तसबिरी आहेत. ड्रायव्हर काच खाली करतो, रेडिओ बंद करतो. शेजारच्या दोघांचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. शिपाई विशीतला पोरगा आहे, तो हातानेच ‘जा’ म्हणतो. गाडी चालू लागल्यावरही बराच वेळ कुणी तोंड उघडत नाही.

रस्त्यालगतच अंजर आहे. उमय्या खलिफांच्या काळातल्या कमानींचे अवशेष बघायला इथे पर्यटक येतात. आर्मेनियन निर्वासितांनी 1939 मध्ये वसवलेलं हे गाव नीटनेटकं आणि शांत आहे. पण बैरुतहून इथवर येणाऱ्या काळ्या काचांच्या गाड्यांना कमानींशी काही देणंघेणं नाही. सीरियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचं लेबनॉनमधलं मुख्यालय अंजरला आहे. लोक त्या खात्याला नुसतं ‘मुखाबरात’ म्हणतात, आणि तेही आवाज उतरवून. कोण आमदार व्हावा, कोणाला मंत्रिपद मिळावं, कुठल्या न्यायाधीशाची बदली व्हावी, याची बोलणी इथे होतात. 2002 पर्यंत या कार्यालयात गाझी कनान बसत होते, आता रुस्तुम गझाले बसतात. निवडणूक मात्र नेमाने होते. मतपेट्या असतात, रांगा असतात, निकाल लागतो. 2000 सालच्या निवडणुकीसाठी ज्या कायद्याने मतदारसंघांच्या रेषा आखल्या, त्याला लोक कनान यांचंच नाव देतात.

दहर अल-बैदरची खिंड चढताना शेजारचा म्हातारा हळूहळू मोकळा होतो. यादवी युद्ध चालू असताना, 1976 मध्ये, सीरियाचं सैन्य आलं. दंगा मिटवून परत जाईल असं सगळ्यांना वाटलं. 1989 मध्ये सौदी अरेबियातल्या ताइफला करार झाला. राजकीय सुधारणांना मान्यता मिळाल्यावर दोन वर्षांत सैन्याने बेका खोऱ्याकडे सरकायचं, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं. त्याच्याविरुद्धच्या आघाडीत सीरिया सामील झाला आणि 13 ऑक्टोबर 1990 रोजी सीरियाच्या रणगाड्यांनी बाबदाचा राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा घेतला, तेव्हा जगातल्या कुठल्याही मोठ्या राजधानीने अडवलं नाही. तिथे ठाण मांडून बसलेले सीरियाविरोधी जनरल मिशेल औन फ्रेंच वकिलातीत आश्रयाला गेले आणि पुढच्या वर्षी देशाबाहेर. म्हातारा हे सगळं एका सुरात सांगतो. सैन्य किती वर्षं आहे, हे त्याला वेगळं मोजावं लागत नाही. धाकट्या मुलाचं वय तेवढंच आहे.

1990 मध्ये गप्प बसलेल्या राजधान्यांपैकी एक तुम्हाला बघायची आहे. म्हणून आता 15 ऑक्टोबर 2003, वॉशिंग्टन.

प्रतिनिधिगृहाच्या प्रेक्षक गॅलरीत जाताना कॅमेरा आणि फोन दारात ठेवून घेतात. खाली बाकांवर सदस्य येतात, जातात, उभ्याउभ्या बोलतात. चर्चेला आलेलं विधेयक सीरियाला जाब विचारण्याचं आणि लेबनॉनचं सार्वभौमत्व परत मिळवून देण्याचं आहे. ते आणणारे दोघे दोन पक्षांचे आहेत: न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट एलियट एंगल आणि फ्लोरिडाच्या रिपब्लिकन इलियाना रोस-लेतिनेन. आदल्याच महिन्यात औन पॅरिसहून येऊन इथल्या उपसमितीसमोर साक्ष देऊन गेले आहेत. त्या साक्षीबद्दल तिकडे बैरुतमध्ये त्यांच्यावर खटला भरण्याच्या हालचाली सुरू झाल्या. परक्या देशाच्या संसदेत आपल्या देशाची कैफियत मांडणं हा गुन्हा ठरतो, यावरून बैरुतची अवस्था तुम्हाला नाक्यापेक्षाही जास्त कळते.

हे विधेयक सरकारने आणलेलं नाही. 2002 मध्ये असंच विधेयक आलं तेव्हा बुश सरकारने ते अडवून धरलं होतं. अल कायदाविरुद्ध सीरियाची गुप्तचर मदत मिळत होती, ती सरकारला गमवायची नव्हती. वर्षभर संसदेने रेटा लावला, इराक युद्धानंतर सीरियाशी बिनसलं आणि सरकारने विरोध सोडला. एरवी ज्या गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही, ती इथे घडते आहे: एक विधिमंडळ परक्या सरकारवर दबाव आणण्याआधी स्वतःच्या सरकारवर आणतं आहे. भिंतीवर सदस्यांची नावं उजळतात, नावांपुढे हिरवे दिवे लागत जातात. 398 विरुद्ध 4. महिन्याभराने सिनेट 89 विरुद्ध 4 अशी मान्यता देतं आणि 12 डिसेंबरला अध्यक्षांची सही होते.

कायद्यात चार मागण्या आहेत: दहशतवादी संघटनांना पाठबळ बंद करा, लेबनॉनमधून सैन्य काढा, संहारक शस्त्रांचा कार्यक्रम थांबवा, इराकशी चाललेले बेकायदा व्यवहार सोडा. दुहेरी वापराच्या वस्तूंवर बंदी, शिवाय सहा निर्बंधांच्या यादीतून अध्यक्षांनी किमान दोन निवडायचे. मे 2004 मध्ये बुश निवडतात: अन्न आणि औषधं सोडून बाकी निर्यात बंद, सीरियाच्या विमानांना अमेरिकेत बंदी. सीरियाचा अमेरिकेशी व्यापार मुळातच थोडा होता, त्यामुळे दमास्कसच्या बाजारात या कायद्याने पोतंभर साखरही महागत नाही. गॅलरीतून उतरताना एक गोष्ट मनाला टोचत राहते. दुसऱ्याच्या देशातून सैन्य काढा असं बजावणाऱ्या याच देशाचे लाखाहून जास्त सैनिक या घडीला इराकमध्ये आहेत. दमास्कस हे दर वेळी बोलून दाखवणार आणि बोलण्यात तथ्यही असणार. पण नाक्यावर रेडिओ बंद करणाऱ्या ड्रायव्हरला त्याने काय मिळणार? एका ताब्याचं पाप दुसऱ्या ताब्याने फिटत नाही, आणि मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ होण्याची वाट बघायची तर लेबनॉनने किती पिढ्या थांबायचं?

2 सप्टेंबर 2004, न्यूयॉर्क. सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक 1559 मतदानाला आहे. इराकवरून एकमेकांशी फाटलेले अमेरिका आणि फ्रान्स यात एकत्र आले आहेत. उरलेलं सगळं परकं सैन्य लेबनॉनमधून निघून जावं, सशस्त्र टोळ्या बरखास्त व्हाव्यात, आणि राष्ट्राध्यक्षाची येऊ घातलेली निवडणूक परक्या हस्तक्षेपाशिवाय, लेबनॉनच्याच घटनेप्रमाणे व्हावी. बाजूने नऊ हात वर होतात. रशिया, चीन, पाकिस्तान, अल्जीरिया, ब्राझील, फिलिपिन्स तटस्थ. नऊ हा ठराव मंजूर व्हायला लागणारा किमान आकडा आहे, एक मत गळलं असतं तर ठराव पडला असता. सीरियाचं नाव मजकुरात कुठेही नाही. कुणाबद्दल बोलणं चाललं आहे हे सभागृहातल्या दुभाष्यालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बैरुतच्या नजमा चौकात, घड्याळाच्या मनोऱ्यासमोरच्या संसदेत आहात. राष्ट्राध्यक्ष एमिल लाहूद यांची सहा वर्षांची मुदत संपत आली आहे. घटनेप्रमाणे त्यांनी आता जायचं. दमास्कसला मात्र ते आणखी तीन वर्षं हवे आहेत, आणि 1995 मध्ये इलियास हरावी यांच्यासाठी असंच केलं होतं, तेव्हा वाट मळलेली आहे. 128 जणांच्या सभागृहात घटनादुरुस्तीला 86 मतं लागतात. 96 पडतात. विरोधात 29. नाव पुकारल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या या 29 जणांकडे नीट बघून घ्या. न्यूयॉर्कचा ठराव त्यांना संरक्षण देत नाही, त्यांच्या गाडीखाली कुणी काय ठेवलं हे बघायला वॉशिंग्टनचा कायदा येत नाही, आणि संध्याकाळी त्यांना याच शहरात घरी जायचं आहे. बाजूने मत देणाऱ्यांत पंतप्रधान रफीक हरीरी आहेत. आठवड्याभरापूर्वी बशर असद यांनी त्यांना दमास्कसला बोलावून काही मिनिटांत परत पाठवलं होतं. हरीरी मत देतात तेव्हा तुम्ही त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करता. मुदतवाढीच्या निषेधार्थ राजीनामा देणारे मंत्री मरवान हमादे यांच्या गाडीपाशी 1 ऑक्टोबरला स्फोट होतो. ते वाचतात, त्यांचा अंगरक्षक जातो. त्याच महिन्यात हरीरीही पद सोडतात.

14 फेब्रुवारी 2005 ची दुपार लांबूनच बघा. सेंट जॉर्ज हॉटेलसमोर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, हरीरींच्या ताफ्याशेजारी स्फोट होतो. हरीरींसह 22 माणसं मरतात. संसदेत तासाभरापूर्वी त्यांच्याशी हात मिळवलेले लोक धुराच्या दिशेने धावत सुटतात.

पुढचे दोन आठवडे बैरुतमध्ये राहा. शहीद चौकात, मोहम्मद अल-अमीन मशिदीशेजारी हरीरींना पुरलं आहे. कबरीवर पांढऱ्या फुलांचा ढीग आहे, मेणबत्त्या विझत नाहीत. चौकातल्या शहिदांच्या ब्राँझच्या पुतळ्यावर यादवी युद्धातल्या गोळ्यांची भोकं तशीच ठेवलेली आहेत. युद्धात याच चौकाने शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पाडले होते. आता भोकं पडलेल्या त्या पुतळ्याभोवती विद्यार्थ्यांनी तंबू टाकले आहेत. कोण मॅरोनाइट, कोण द्रूझ, कोण सुन्नी. गळ्यात लालपांढरे रुमाल आहेत, छातीवर निळी फीत. तंबूंतल्या पोरांची भांडणंही होतात: घोषणा कुठली द्यायची, पक्षाचा झेंडा लावायचा की नाही. शेवटी ठरतं, फक्त देशाचा देवदाराचा झेंडा. रात्री थंडी वाजते, समुद्राचा वारा थेट आत शिरतो, आणि शेजारपाजारच्या बायका पातेल्यांतून गरम मसूर-भात आणून देतात.

28 फेब्रुवारीला संसदेत सरकारविरुद्ध अविश्वासाची चर्चा आहे. गृहखात्याने पहाटेपासून निदर्शनांवर बंदी घातली आहे, म्हणून लोक आदल्या रात्रीच येऊन चौकात झोपले आहेत. सकाळी सैनिक रस्ते अडवून उभे आहेत. लेबनॉनचे सैनिक. तुमच्या पुढची मुलगी कडं करून उभ्या असलेल्या एका सैनिकाच्या हातात गुलाब देते. तो घ्यावा की न घ्यावा असा घुटमळतो, घेतो, आणि खालमानेने अर्धं पाऊल बाजूला सरकतो. त्या अर्ध्या पावलाच्या फटीतून आधी दहा जण आत जातात, मग शंभर. दिवसभर हेच चालतं. बंदूक कुणी उचलत नाही. बँका आणि दुकानं बंद आहेत.

चौकात मोठे पडदे लावले आहेत, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर चाललेली संसदेची चर्चा सगळे उभ्याने ऐकत आहेत. विधिमंडळाचं कामकाज हजारो माणसं श्वास रोखून ऐकत असल्याचं दृश्य तुम्ही यापूर्वी पाहिलेलं नाही. हरीरींच्या बहीण बहिया, सैदाच्या आमदार, बोलायला उभ्या राहतात. काळे कपडे, आवाज स्थिर. आपल्या भावाला कुणी मारलं हे लोकांना कळलं पाहिजे आणि या सरकारने जायला हवं, असं त्या सांगतात. पडद्याखाली बायका रडतात, बाप्येही रडतात. संध्याकाळी हरीरींच्या जागी आलेले पंतप्रधान उमर करामी पुन्हा उठतात. सरकार पडेल इतकी मतं विरोधकांकडे नाहीत, सप्टेंबरमध्ये मुदतवाढ देणारंच हे सभागृह आहे. त्यामुळे करामी राजीनामा जाहीर करतात तेव्हा क्षणभर चौकाला नीट ऐकू आलं की नाही हेच कळत नाही. सभापती नबीह बेरी यांनाही याची कल्पना नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मग आवाज उसळतो. ‘हुर्रिये, सियादे, इस्तिक्लाल!’ स्वातंत्र्य, सार्वभौमत्व, स्वराज्य. तुमच्या खांद्याला कुणीतरी गदागदा हलवतं, कुणीतरी मिठी मारतं. गर्दीच्या एका कोपऱ्यातून लगेच पुढची घोषणा येते: लाहूद, आता तुझी पाळी.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते या चौकात उभं राहिल्याशिवाय पटणार नाही. वॉशिंग्टनच्या 398 मतांनी आणि न्यूयॉर्कच्या नऊ हातांनी एकही रणगाडा हलला नव्हता. त्यांनी 1990 ची मूक संमती काढून घेतली. आता या पोरांवर गोळी चालवली तर जग मान फिरवणार नाही, हे दमास्कसला आणि बैरुतच्या सैनिकी अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. फुलाने सरकलेल्या त्या अर्ध्या पावलामागे हे गणित उभं होतं. पण पाऊल सरकवायला कुणीतरी समोर जाऊन उभं राहावं लागतं, आणि ते काम परक्या संसदेकडून होत नाही.

5 मार्चला बशर असद आपल्या संसदेत सैन्य मागे घेण्याचं जाहीर करतात. 8 मार्चला रियाद अल-सुल्ह चौकात जा, टाळू नका. हिजबुल्लाने बोलावलेली लाखो माणसं सीरियाचे आभार मानायला आली आहेत. यातले बहुतेक दक्षिणेतले आणि बैरुतच्या गरीब उपनगरांतले शिया आहेत. 2000 सालापर्यंत इस्रायलच्या सैन्याखाली राहिलेल्या गावांची ही माणसं, आणि तो ताबा संपवण्याच्या लढाईत सीरियाने त्यांच्या लढवय्यांची पाठराखण केली होती. यांना भाडोत्री म्हणून झटकणारे तेव्हाही होते. ते चूक होते. हरीरींना जाऊन महिना झाला त्या दिवशी, 14 मार्चला, शहीद चौकात त्याहून मोठी गर्दी लोटते. चाळीसेक लाखांच्या देशात दहा लाख माणसं आली होती असं सांगतात. व्यासपीठावरून ‘अन-नहार’ दैनिकाचे जिब्रान तुएनी मुसलमान आणि ख्रिस्ती सगळ्यांकडून एकत्र राहण्याची शपथ म्हणवून घेतात. त्यांना वर्ष संपायच्या आत मारलं जाणार आहे.

त्याच आठवड्यांत शहराच्या कडेला, अर्धवट बांधलेल्या इमारतींपाशी, बोचकी बांधून सीरियाकडे निघालेले मजूर दिसतात. बैरुतची नवी बांधकामं यांनीच उभी केली. खुनानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, त्यांच्या झोपड्या जाळल्या, काही जणांचे जीव गेले. मुखाबरातशी त्यांचा संबंध नव्हता, सीरियन असणं एवढंच पुरलं. या चळवळीच्या गौरवात ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

26 एप्रिल, बेका खोऱ्यातला रयाक विमानतळ. शेवटची काहीशे सीरियन माणसं रांगेत उभी आहेत, समोर लेबनॉनचे सैनिक. बँड वाजतो, पदकं दिली जातात, भाषणं होतात. रुस्तुम गझाले पाहुण्यांत आहेत. मग बस आणि लष्करी गाड्या सीमेकडे निघतात आणि 29 वर्षं संपतात. गाडीतला एक सैनिक दोन बोटं वर करून विजयाची खूण करतो. अंजरचं कार्यालय रिकामं होतं.

बैरुतला परतल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोरच्या बागेत थांबा. बागेला खलील जिब्रानचं नाव आहे. तिथे म्हाताऱ्या बायकांनी तंबू ठोकला आहे आणि दोऱ्यांवर तरुण पोरांचे फोटो टांगले आहेत. नाक्यांवरून उचलून सीरियाच्या तुरुंगांत नेलेली ही मुलं. सैन्य परत गेलं, मग आमची मुलं कुठे आहेत, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. 1559 च्या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळही नाही. एक बाई तुम्हाला कॉफी देते आणि मुलाचा शाळेतला फोटो दाखवते. हा तंबू इथे पुढे अनेक वर्षं राहणार आहे.

29 मे ते 19 जून, चार रविवार, चार टप्पे, निवडणूक. मतदाराचं वय किमान 21, आणि मत राहत्या घरी नाही, बापजाद्यांचं नाव जिथे नोंदलं असेल त्या गावी जाऊन द्यायचं. सरकारने छापलेली मतपत्रिका इथे अजून नसते. केंद्राबाहेर पक्षांचे कार्यकर्ते आपल्या उमेदवारांची छापील चिठ्ठी हातात देतात आणि तीच पाकिटात घालून पेटीत टाकायची. हवं तर कोऱ्या कागदावर नावं लिहा. पण चिठ्ठी देणारा तुम्हाला ओळखत असतो. युरोपीय संघाचे निरीक्षक वह्या घेऊन फिरत आहेत. अंजरहून फोन येत नाही, ही गोष्ट खरोखर नवी आहे आणि मोठी आहे. मतदारसंघ मात्र 2000 च्या कायद्यातलेच. नवा करायला वेळ नव्हता, असं सांगितलं गेलं; मला वाटतं जुन्या कायद्यात ज्यांच्या जागा पक्क्या होत्या, त्यांना घाईही नव्हती. बैरुतच्या 19 जागांपैकी नऊ बिनविरोध गेल्या. मतदान झालं जेमतेम 28 टक्के. दक्षिणेतल्या सगळ्या 23 जागा अमल आणि हिजबुल्ला या शिया पक्षांच्या यादीला मिळाल्या. मेमध्ये परतलेल्या औन यांनी माउंट लेबनॉनमध्ये वेगळी चूल मांडली आणि मित्रपक्षांसह एकूण 21 जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी ते हिजबुल्लाशी करार करतील. 2 जूनला, दोन टप्प्यांच्या मध्ये, चौकातल्या पोरांचे लाडके पत्रकार समीर कासिर यांना गाडीतल्या स्फोटात मारलं गेलं. शेवटच्या टप्प्यानंतर दोन दिवसांनी कम्युनिस्ट नेते जॉर्ज हावी यांना तसंच.

हरीरींचे पुत्र साद यांच्या आघाडीला 128 पैकी 72 जागा मिळाल्या. घटनादुरुस्तीला 86 लागतात हे तुम्ही सप्टेंबरमध्येच ऐकलं आहे, आणि राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी काढायची वाट त्यातूनच जाते. 28 जूनला नवं सभागृह भरलं आणि पहिल्याच दिवशी त्याने सभापती निवडला: नबीह बेरी, 1992 पासून त्याच खुर्चीत, 90 मतांनी. एमिल लाहूद मुदतवाढीची तीन वर्षं पुरी करून नोव्हेंबर 2007 मध्ये बाबदाच्या राजवाड्यातून बाहेर पडले. त्या रात्री त्यांच्या जागी कुणाला निवडायचं यावर संसदेचं एकमत झालेलं नव्हतं.